बंद पडलेली जनुके आणि गालातला बार

निपाणीत तंबाखूविषयी लिहिणे जोखमीचे. या पिकावर इथली घरे उभी राहिली, पोरे शिकली, पोरींची लग्ने झाली. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली इथले शेतकरी भावासाठी महामार्गावर ठाण मांडून बसले आणि ६ एप्रिलच्या गोळीबारात काही जणांनी जीव गमावला. वखारीतली तंबाखू चाळून आणि बिड्या वळून हजारो बायकांनी संसार ओढले. अशा गावात ‘तंबाखू वाईट, सोडा’ एवढेच सांगणारा लेख कोण वाचणार? म्हणून पीक आणि पोट हा विषय इथे बाजूला ठेवतो आणि गालात ठेवलेल्या बाराचे पेशीच्या आत काय होते, ते सांगतो. ते कळले की कोणत्या टप्प्यावर काय करायचे हेही कळते.

चिकोडी, निपाणी, संकेश्वर, बेळगाव, कुठेही जा, दोन वाक्ये हमखास कानावर येतात. एक म्हणजे, ‘आमचा आजा नव्वदीपर्यंत तंबाखू खात होता, त्याला काय झालं?’ आणि दुसरे, ‘तीस वर्षं खाल्ली, आता सोडून काय फायदा?’ दोन्हींचे उत्तर एकाच ठिकाणी आहे.

आपल्या प्रत्येक पेशीत वाढीला चालना देणारी जनुके असतात, तशी वाढ थांबवणारीही असतात. या दुसऱ्या गटाला ट्यूमर सप्रेसर, म्हणजे गाठ रोखणारी जनुके म्हणतात. पेशी दोन व्हायच्या आधी आरबी हे जनुक तिला थांबवून धरते. पी१६ हे जनुक आरबीची ताकद टिकवते. पी५३ डीएनएची मोडतोड पाहते आणि दुरुस्ती होण्याजोगी नसेल तर त्या पेशीला मरायला लावते. यातले प्रत्येक जनुक आपल्याकडे दोन प्रतींत असते, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. अमेरिकी डॉक्टर आल्फ्रेड नुडसन यांनी लहान मुलांच्या डोळ्यांतल्या कर्करोगाचा हिशेब मांडून १९७१ मध्ये दाखवले, की गाठ व्हायला दोन्ही प्रती निकामी व्हाव्या लागतात. एक गेली तरी दुसरी काम सांभाळते.

पुढची बरीच वर्षे संशोधक मोडलेल्या जनुकांच्या मागे होते. अक्षर बदलले आहे का, तुकडा गळाला आहे का, एवढेच पाहिले जाई. १९८९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांना डोळ्याच्या अशाच एका गाठीत निराळी गोष्ट आढळली. आरबी जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर मेथिल नावाच्या छोट्या रासायनिक गटांची दाटी झाली होती. मेथिल म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, बस्स. १९९४ मध्ये मूत्रपिंडाच्या गाठींत व्हीएचएल जनुक आणि १९९५ मध्ये अनेक प्रकारच्या कर्करोगांत पी१६ जनुक याच रीतीने बंद पडलेले सापडले. जनुकाचा मजकूर शाबूत होता, तो वाचला मात्र जात नव्हता.

जुन्या काळी एक्साइजचा माणूस निपाणीतल्या वखारीला सील ठोकून जाई. आत माल जसाच्या तसा, पण बाहेर एक पोते निघायचे नाही. मेथिलचे काम नेमके असेच चालते. त्यात आणखी एक वाईट गोष्ट आहे. पेशीची दुसरी पेशी होताना डीएनएची नक्कल निघते, आणि पेशीतली एन्झाइमे त्या सीलचीही नक्कल नव्या प्रतीवर ठोकतात. मग त्या पेशीची सगळी पिलावळ ते जनुक बंद ठेवूनच जन्माला येते. शिवाय सील लागलेल्या जागी डीएनए प्रथिनांभोवती घट्ट गुंडाळले जाते, म्हणजे उघडण्याची शक्यता आणखी कमी.

आता गालातल्या बाराकडे या. तंबाखू आणि चुना मळून एकाच जागी रोज ठेवला की तिथली नाजूक त्वचा सतत भाजत राहते. भाजलेली जागा भरून काढायला खालच्या पेशी पुन्हा पुन्हा दुणावतात, आणि प्रत्येक दुणावण्यात चुकीला वाव असतो. तंबाखूत नायट्रोसामाइन ही कर्करोगकारक रसायने असतात. ती डीएनएला चिकटतात, शिवाय मेथिलची खूण लावणारे एन्झाइम त्यांच्यामुळे वाढते असे प्रयोगांत दिसले आहे. नायट्रोसामाइनने केलेले काही नुकसान दुरुस्त करण्याचे काम एमजीएमटी नावाचे जनुक करते, आणि तोंडाच्या कर्करोगात वारंवार बंद आढळणाऱ्या जनुकांत हे एमजीएमटीही आहे. म्हणजे मार चालू असताना दवाखानाच बंद. भारतीय रुग्णांच्या तोंडाच्या गाठी तपासणाऱ्या, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पी१६, एमजीएमटी आणि पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे ई-कॅढेरिन ही जनुके बऱ्याच गाठींत मेथिलने झाकलेली आढळली. ई-कॅढेरिन गेले की पेशींची एकमेकींवरची पकड सुटते आणि त्या मानेतल्या लसिका ग्रंथींकडे सरकायला मोकळ्या होतात.

बिडीचा मार्ग थोडा वेगळा. धुरातले बेंझोपायरीन थेट पी५३ वर ठरावीक जागी घाव घालते, हे १९९६ मध्ये दाखवले गेले. तिथे जनुक खरोखर मोडते. माव्यात सुपारी जास्त असते, आणि सुपारीला तर तंबाखूची जोडही लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये सुपारीला स्वतंत्रपणे कर्करोगकारक ठरवले. सुपारीने गालाच्या आतली कातडी ताठ होते, तोंड उघडेनासे होते, तिखट लागले की आग होते. महाराष्ट्रात २०१२ पासून आणि कर्नाटकात २०१३ पासून गुटख्यावर बंदी आहे. मावा मात्र पानपट्टीवर तुमच्यासमोर मळून मिळतो, त्यामुळे बंदीच्या बातमीवर फार विसंबू नका.

गाल आणि हिरडीमधल्या खाचेतला कर्करोग हा खास आपल्या देशातला प्रकार, कारण बार तिथेच ठेवला जातो. या कर्करोगाच्या जनुकांचा मोठा नकाशा भारतीय शास्त्रज्ञांनीच काढला. त्यात नवी मुंबईत खारघरला असलेले टाटा मेमोरियलचे संशोधन केंद्र आणि पश्चिम बंगालमधली कल्याणीची संस्था होती, आणि २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पी५३ त्यात होतेच. लक्ष वेधून घेतात ती एमएलएल४ आणि एआरआयडी२ ही जनुके. डीएनएची गुंडाळी सैल-घट्ट करण्याचे, म्हणजे इतर जनुके उघडी किंवा बंद ठेवण्याचे काम ज्या यंत्रणेकडे आहे, तिचे हे भाग. ती यंत्रणाच बिघडली तर एक जनुक बंद पडून भागत नाही.

आज्याचे उत्तर इथे मिळते. एकाच पेशीत अनेक जनुकांच्या दोन्ही प्रती निकामी व्हायला वेळ लागतो आणि योगायोगही लागतो. काहींच्या आयुष्यात तो योग येतच नाही. आजा सुटला म्हणून नातू सुटेल असे नाही. आज्याच्या बरोबरीचे जे पन्नाशीत गेले, ते वाद घालायला कट्ट्यावर नसतात, हेही विसरू नये.

आणि ‘आता सोडून काय फायदा’? मोडलेले अक्षर दुरुस्त होत नाही, पण मेथिलचे सील कायमचे नसते. रक्तपेशींतल्या काही जनुकांवर धूम्रपानाने झालेले मेथिलचे बदल ते सोडल्यानंतर काही वर्षांत बऱ्याच अंशी मावळतात, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. गालातल्या त्वचेत तर नव्या पेशी सतत येत असतात. रोजचा मारा थांबला की नवीन सिले लागण्याचा वेग उतरतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या फली मेहता, प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी तीन जिल्ह्यांतल्या सुमारे ३६ हजार तंबाखू वापरणाऱ्या खेडुतांमध्ये जाऊन तंबाखू सोडवण्याचे काम केले आणि त्याचे निष्कर्ष १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. सोडणाऱ्या आणि कमी करणाऱ्या लोकांत तोंडातले पांढरे चट्टे उठण्याचे प्रमाण घटले होते. सिगारेट सोडणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाचा धोका पाच ते दहा वर्षांत निम्म्यावर येतो. तीस वर्षे खाल्ली असेल तर सोडण्याची गरज तुम्हालाच सगळ्यांत जास्त, कारण तुमच्या गालात काही सिले आधीच लागलेली असण्याचा संभव आहे आणि उरलेल्यांवर सगळी भिस्त आहे.

सोडताना नुसती जिद्द पुरत नाही. निकोटिनची तलफ पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जोर धरते. त्या काळासाठी निकोटिनची चघळायची गोळी किंवा पट्टी मिळते, ती डॉक्टरांना विचारून घ्या. १८००-११-२३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर समुपदेशक बोलतात. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय आणि बेंगळुरूचे निम्हान्स या सेवेला जोडलेले आहेत, त्यामुळे मराठीत बोलायचे आहे असे सांगायला संकोच करू नका. तंबाखू सोडून सुपारी धरणे, किंवा बार सोडून बिडी ओढणे, याला सोडणे म्हणत नाहीत. बायकांच्या मिसरीलाही हेच लागू. भाजली तरी ती तंबाखूच, आणि दात घासायच्या निमित्ताने दिवसातून चार वेळा हिरड्यांना लागते. आमच्या भागात मिसरीला व्यसन मानतच नाहीत, म्हणून डॉक्टरांनी ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले की ‘नाही’ असे उत्तर मिळते. हे उत्तर देऊ नका.

तोंड कसे तपासायचे ते नीट वाचा. महिन्यातून एकदा, चूळ भरून, उजेडात आरशासमोर उभे राहा. कवळी असेल तर काढा. दोन्ही गाल बोटाने बाहेर ओढून आतली बाजू पाहा. जिथे बार ठेवता ती जागा आधी. जीभ बाहेर काढून तिच्या दोन्ही कडा आणि खालची बाजू पाहा, मग टाळू. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, कारण नसताना हललेला दात, जबड्याखाली किंवा मानेत हाताला लागणारी गाठ, यांपैकी काही असेल तर दाखवायला जा. लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा. तीन बोटे उभी करून तोंडात जात नसतील तर तेही दाखवा. यातले बरेचसे दुखत नाही, आणि घोटाळा तिथेच होतो. दुखत नाही म्हणून माणूस ‘तोंड आलंय’ म्हणत मेडिकलमधून मलम आणि बी-कॉम्प्लेक्स आणत राहतो. महिन्यामागून महिने जातात.

पांढरा चट्टा हा सगळ्या प्रवासातला सर्वांत उपयोगी मुक्काम. चट्ट्यातल्या पेशी अजून कर्करोगाच्या नसतात, पण पी१६ सारखी जनुके काहींमध्ये त्या टप्प्यावरच बंद आढळतात. अशा चट्ट्यांचे पुढे कर्करोगात रूपांतर होण्याचे प्रमाण जास्त असल्याचे काही अभ्यासांत दिसले. ही चाचणी अजून गावोगावी मिळत नाही, आणि मिळाली नाही म्हणून काही अडतही नाही. डॉक्टर तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, तेवढ्यावर निर्णय घेता येतो. एक चट्टा काढला की संपले असे मात्र समजू नका. तंबाखूचा मारा सगळ्या तोंडावर झालेला असतो, चांगली दिसणारी कातडीही आतून बदललेली असू शकते. म्हणून चट्टा काढल्यावरही दर काही महिन्यांनी तपासणी लागते.

‘सुई लावली की पसरतं’ हा समज आपल्याकडे फार घट्ट आहे. तोंडातला तुकडा तपासायला काढल्याने कर्करोग पसरत नाही. तुकडा न काढता सहा महिने घालवल्याने मात्र पसरतो.

कुठे जायचे? सुरुवात दंतवैद्यक महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागातून करणे मला सर्वांत सोयीचे वाटते. बेळगावात केएलईचे दंत महाविद्यालय आहे, मराठा मंडळाचे हलगेकर दंत महाविद्यालय आहे. तोंड पाहणे हा तिथला रोजचा व्यवहार आणि खर्च कमी. जिल्हा रुग्णालय बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले आहे. तीस वर्षांवरच्या माणसांची तोंडाची, तसेच बायकांच्या स्तनांची आणि गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात होणे अपेक्षित आहे, ती मागून घ्या. कर्करोग ठरला तर बेळगावातच केएलईचे कर्करोग रुग्णालय आहे (त्याचे उद्घाटन जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते झाले), हुबळीला नवनगरमध्ये कर्करोग संस्था आहे, आणि निपाणीकरांना कोल्हापूर तर चाळीसेक किलोमीटरवर, बेळगावपेक्षा जवळ.

आता रिपोर्टमधले शब्द. इथे लोक सर्वांत जास्त गोंधळतात, म्हणून थोडे थांबतो.

पी१६ पॉझिटिव्ह आले की घरात रडारड आणि निगेटिव्ह आले की पेढे, असे होऊ नये. घशाच्या मागच्या भागातल्या, टॉन्सिलजवळच्या गाठींत ही तपासणी करतात. एचपीव्ही विषाणूची प्रथिने आरबी आणि पी५३ या दोघांना जायबंदी करतात. आरबी गेल्यामुळे पी१६ नेहमीपेक्षा खूप जास्त तयार होते. म्हणून तिथे पी१६ पॉझिटिव्ह म्हणजे गाठ बहुधा विषाणूमुळे झाली, आणि अशा गाठी उपचाराला चांगला प्रतिसाद देतात. तंबाखूच्या गाठीत पी१६ बंद किंवा गळालेले असते, तिथे निगेटिव्ह ही आनंदाची बातमी नाही.

मोठ्या आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या गाठीच्या रिपोर्टात ‘एमएलएच१ लॉस’ असे लिहिलेले दिसले तर पुढचा प्रश्न नक्की विचारा: हे जनुक मेथिलने बंद झाले आहे की जन्मजात बिघडलेले आहे? त्यासाठी वेगळी चाचणी असते. मेथिलने बंद असेल तर ते बहुधा त्या गाठीपुरतेच, घरच्यांनी घाबरायचे कारण नाही. मेथिल नसेल तर लिंच सिंड्रोम हा आनुवंशिक प्रकार असू शकतो, आणि मग भाऊ-बहीण-मुलांची तपासणी त्यांचा जीव वाचवू शकते. दोन्ही परिस्थितींत या गाठी काही वेळा इम्युनोथेरपीला चांगल्या दबतात, हेही विचारून घ्या.

मेंदूच्या एका गाठीत तर उलटाच प्रकार. तिथे एमजीएमटी बंद असेल तर टेमोझोलोमाइड हे औषध जास्त चालते, कारण औषधाने केलेले नुकसान दुरुस्त करणारे कोणी उरत नाही. हे २००५ मध्ये सिद्ध झाले.

लग्नाच्या बैठकीत ‘त्यांच्या घरात कॅन्सर आहे’ ही कुजबुज आपल्याकडे अजून चालते. तंबाखूने गालातल्या पेशीत लावलेले सील मुलाबाळांत उतरत नाही. बापाला गालाचा कर्करोग झाला म्हणून मुलीचे स्थळ नाकारणे हे अडाणीपण आहे. जन्मजात बिघडलेल्या जनुकांचे प्रकार कमी असतात आणि त्यांची लक्षणे वेगळी: एकाच बाजूच्या नात्यात दोन-तीन जणींना चाळिशीच्या आत स्तनाचा कर्करोग, स्तन आणि अंडाशय दोन्हींचे कर्करोग, लहान मुलाच्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक. असे असेल तर जनुकीय समुपदेशन घ्या. एरवी नाही.

बंद जनुके पुन्हा उघडणारी औषधे आहेत. ॲझासायटिडीन हे अमेरिकेत २००४ मध्ये आणि डेसिटाबिन २००६ मध्ये रक्ताच्या मज्जाविकारासाठी मंजूर झाले, आज ती भारतातही वापरली जातात. पण ती सगळ्याच जनुकांची सिले सैल करतात, निवडून एकाचे नाही, आणि तोंडाच्या गाठीवर त्यांचा नेहमीच्या उपचारात उपयोग नाही. तिथे शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमोथेरपी हेच खरे. त्यामुळे ‘जनुके जागवणारे’ चूर्ण, काढा, पाणी किंवा परदेशी कॅप्सूल विकणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. या असल्या मालात गेलेले दोन महिने कोणी परत देत नाही.

आईला आणि बहिणीला एक गोष्ट सांगा. गर्भाशयमुखाचा कर्करोगही त्याच आरबी-पी५३ च्या वाटेने येतो, फक्त तिथे जनुकांना विषाणू जायबंदी करतो. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाने तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या एक लाख ३१ हजार बायकांमध्ये केलेल्या कामात, एचपीव्हीची एकच चाचणी करून पुढचा इलाज केल्याने या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले. ते २००९ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. मुलींना नऊ ते चौदा वर्षांत एचपीव्हीची लस द्या. पुण्यात तयार झालेली देशी लस २०२३ पासून मिळते.

आता पैशाचे. बीपीएल कार्ड असलेल्या कुटुंबाला आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात, पण मोठ्या रुग्णालयात जाण्याआधी सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी घ्यावी लागते. आधी भरती आणि मग चिठ्ठी असे केले की अडचण येते. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना ८६५ सीमागावांना लागू करायचा निर्णय घेतला, त्यावरून दोन्ही राज्यांत वादही झाला. कोल्हापूर-मिरजेकडे जाणार असाल तर त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी फोन करून आपले गाव आणि कागद चालतात का ते विचारा. बिडी कामगाराचे ओळखपत्र असलेल्या बाईने कामगार कल्याण संघटनेच्या दवाखान्यात चौकशी करावी, कर्करोगाच्या उपचारखर्चासाठी तिथे तरतूद आहे.

तुकडा काढल्यावर प्रयोगशाळा तो मेणात बसवून ब्लॉक करते आणि त्याच्या स्लाइड बनवते. पी१६, एमएलएच१, मेथिल यांच्या पुढच्या सगळ्या तपासण्या त्याच ब्लॉकवर होतात. बेळगावात बायोप्सी करून मुंबईला टाटात जायचे ठरले तर रिपोर्टाच्या कागदाबरोबर ब्लॉक आणि स्लाइडही लेखी अर्ज देऊन मागून घ्या, त्यावरचा नंबर रिपोर्टाशी जुळवून पाहा आणि उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण वितळते. मुंबईचे काम झाले की तो ब्लॉक परत मागून घरी जपून ठेवा. वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा चाचणी लागली तर नव्याने तुकडा काढावा लागत नाही.